शेगडीवरील जाळी

श्रीपेरुंबुदूर हे परंपरेने रामानुजाचार्यांचे जन्मस्थान. १९९८ मध्ये जवळच्या इरुंगाट्टुकोट्टई येथे मोटारी तयार होऊ लागल्या आणि ह्या यात्रेच्या गावाभोवती कारखान्यांची वस्ती वाढली. अशा गावी नोकरीनिमित्त नवे बिऱ्हाड मांडणाऱ्या मराठी गृहिणीच्या ओट्यावर भाकरीच्या तव्याशेजारी दोशाचा जाडजूड लोखंडी तवाही येतो. दोहोंचा भार वाहते ती गॅसच्या शेगडीवरील जाळी. शेगडी घेताना मात्र तिच्याकडे क्वचितच कोणी पाहते.

जाळीचे काम केवळ भांडे तोलून धरण्याचे नाही. ज्योत आणि भांड्याचा तळ यांतील अंतर तीच राखते. ते अंतर फार झाले, तर उष्णता वाया जाते. फार कमी झाले, तर ज्योत थंड तळाला टेकते, गॅस अपुरा जळतो, आणि कार्बन मोनॉक्साइड हा गंधहीन विषारी वायू वाढतो. म्हणून वाकलेली, झिजलेली किंवा दुसऱ्याच शेगडीची जाळी वापरू नये.

जाळी बिडाची असल्यास उत्तम. ती जड असते व आचेने सहसा वाकत नाही. मात्र बिडात कार्बनचे प्रमाण शेकडा २ ते ४ असल्याने ते ठिसूळ असते, आपटल्यास तडकते. पातळ सळईची जाळी हलकी व स्वस्त, परंतु वजनाखाली वाकते. घेताना जाळी बसवून ती डुगडुगत नाही ना, चहाचे लहान पातेले कलंडत नाही ना, हे पाहावे. शेगडीवर भारतीय मानक ४२४६ ची आय. एस. आय. खूण असावी.

तापलेल्या जाळीवर गार पाणी ओतू नये. बीड तडकते, मुलामा उडतो. जाळी निवल्यावर कोमट साबणपाण्यात भिजवून मऊ ब्रशाने घासावी आणि लगेच कोरडी करावी. मुलामा नसलेल्या बिडाला गंज चढल्यास चिंचेच्या कोळाने घासावे, धुऊन पुसावे व तेलाचा पुसट हात फिरवावा.

भांड्याच्या बुडाला काजळी धरू लागली किंवा ज्योत पिवळी दिसली, तर केवळ भांडे घासून थांबू नये. प्रथम खिडकी उघडावी, मग जाळी व बर्नर तपासावेत. दोष न सापडल्यास जाणत्या कारागिराला बोलवावे.