सॉर्टेक्सचा डोळा

मित्रांनो, वरण-बट्टी कोणाकोणाला आवडते? खानदेशात हा प्रश्न विचारायचाच नसतो म्हणा! पण त्या वरणातली डाळ तुमच्या ताटात येईपर्यंत तिचं काय काय होतं, ते ठाऊक आहे का?

तूर म्हणजे द्विदल धान्य, हे तुम्ही विज्ञानात शिकला आहात. साल काढून दोन दलं वेगळी केली की झाली डाळ. ऐकायला सोपं वाटतं, पण तूर मोठी हट्टी! तिचं साल आणि दल यांच्यामध्ये डिंकासारखा चिकट थर असतो, त्यामुळे साल सहजी सुटत नाही.

पूर्वी हे काम घरोघरी जात्यावर व्हायचं. खानदेशात जात्याला घरोट म्हणतात. जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांनी या घरोटावर गाणंसुद्धा रचलं. पुढे दालमिली आल्या, आणि जळगाव हे देशातलं डाळीचं एक मोठं केंद्र बनलं. इथली डाळ धुळ्याच्या दुकानात दिसते, तशी दूरदूरच्या राज्यांतही जाते.

दालमिलमध्ये आधी तूर चाळतात, खडे-माती काढतात. मग ती खरखरीत एमरीच्या रोलरमधून जाते. तिथे सालाला ओरखडे पडतात. मग तिला थोडं तेल चोळून ढीग लावून ठेवतात. ओरखड्यांतून तेल आत मुरतं आणि चिकटपणा ढिला पडतो. त्यानंतर वाळवण. ते उन्हात फरशीवर करतात, किंवा आता पुष्कळ ठिकाणी गरम हवेच्या यंत्रात. मग पुन्हा रोलर, पाण्याचा हात, पुन्हा वाळवण, आणि शेवटी भरड. सालं आणि चुरा यांची चुणी होते. ती गाई-म्हशींना खायला जाते. वाया काही नाही, बरं का!

एवढं झालं तरी डाळीत काही काळे दाणे, सालासकट राहिलेले दाणे, किडके दाणे उरतातच. ते कोण वेचणार? पूर्वी दालमिलमध्ये बायका ओळीनं बसून, सूप-चाळणी घेऊन डाळ निवडायच्या. मान मोडेपर्यंत आणि डोळे दुखेपर्यंत. आता बऱ्याच मिलमध्ये हे काम एक यंत्र करतं. तांदळाच्या किंवा डाळीच्या पिशवीवर 'सॉर्टेक्स' हा शब्द वाचलाय? हे मुळात इंग्लंडमधल्या एका कंपनीचं नाव. तिची यंत्रं इतकी पसरली, की आपल्याकडे रंगावरून धान्य निवडणाऱ्या कुठल्याही यंत्राला लोक सॉर्टेक्स म्हणू लागले!

हे यंत्र काम कसं करतं? वरून डाळ उतरत्या पन्हळीतून घसरत खाली येते. वाटेत तिच्यावर लख्ख प्रकाश पडतो आणि कॅमेरे प्रत्येक दाण्याचा रंग पाहतात. काळा किंवा डागाळलेला दाणा दिसला, की समोरच्या बारीक तोटीतून दाबाखालच्या हवेची फुंकर सुटते. फूः! तो दाणा बाजूच्या खोक्यात, बाकीचे सरळ खाली. डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळा खेळ संपलेला असतो.

आता जरा गणित करा. एक किलो तूरडाळीत साधारण वीस हजार दलं धरा. एका टनात झाली दोन कोटी. तासाला एक टन डाळ निवडायची, तर सेकंदाला साडेपाच हजारांहून जास्त दलं तपासावी लागतील. मोठी यंत्रं तर तासाला कितीतरी टन निवडतात. सांगा, माणसाच्या डोळ्याला हे जमेल का?

नाही जमणार. पण मग डाळ निवडणाऱ्या त्या मावशींचं काय झालं? हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल, तर शाब्बास! काही ठिकाणी त्या पिशव्या भरण्याच्या कामाला लागल्या. पण यंत्र चालवायला माणसं थोडी लागतात, आणि तीही ते काम शिकलेली लागतात. ज्यांची रोजची मजुरी बुडाली, त्यांना 'प्रगती झाली' एवढं सांगून भागत नाही.

मग यंत्र वाईट का? तसंही नाही. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं एक छोटी दालमिल तयार केली. गावात एखाद्या खोलीतही ती चालते. महिला बचत गटांनी अशा मिनी दालमिली घेतल्या आणि गावातल्या तुरीची डाळ गावातच करायला लागल्या. तिथंही यंत्रच आहे, पण कमाई त्या बायकांच्या हातात राहते. म्हणजे यंत्र काय करतं, एवढंच विचारून पुरत नाही. ते कोणाचं आहे आणि ते चालवायला कोणाला शिकवलं, हेही विचारायला हवं.

आणखी एक गंमत सांगू? सॉर्टेक्सचा डोळा फक्त रंग पाहतो. डाळ चवीला कशी, शिजते कशी, हे त्याला कळत नाही. पुष्कळदा डाळीला चमक यावी म्हणून पॉलिश करतात. चमक म्हणजे सकसपणा नव्हे! आई-बाबांनो, हे तुमच्यासाठीही बरं का.

या आठवड्याचा उद्योग: मूठभर डाळ ताटात पसरा. वेगळ्या रंगाचे दाणे किती सापडतात आणि किती मिनिटं लागतात, ते वहीत लिहा. मग आजीला विचारा, डाळ घरी कशी करायचे? तिचं उत्तर मात्र कुठल्याही यंत्राकडून मिळायचं नाही!