पोरी बिघडतात म्हणे पडद्यामुळं

पोरगी उलटून बोलली की आपल्याकडं दोष ठरलेला: मोबाईल, सिरीयल, नाहीतर 'सैराट'.

जपानमध्ये १९८५ साली 'सुकेबान देका' नावाची मालिका आली. सुकेबान म्हणजे शाळेतल्या दांडगट पोरींची म्होरकी. मालिकेतली ही पोरगी यो-योचं हत्यार घेऊन चक्क पोलिसांसाठी काम करते! पण पायघोळ स्कर्टातल्या असल्या टोळ्या तिथं सत्तरच्या दशकातच होत्या. मालिकेनं त्या घडवल्या नाहीत, फक्त दाखवल्या.

आपली आर्ची २०१६ मध्ये बुलेटवर आली. पोरी बिघडणार, अशी ओरड झाली. अहो, पण त्या सिनेमात शेवटी रक्त कुणी सांडलं? घरच्यांनीच ना?

डिसेंबर २०२१. आपलाच वैजापूर तालुका. पळून जाऊन लग्न केलेल्या पोरीचा खून झाला. पोलिसांनी पकडलं कुणाला? सख्ख्या भावाला आणि आईला. तेव्हा 'हा पोरगा कोणता सिनेमा बघून बिघडला?' असं पारावर कुणी विचारलं का?

पोरीच्या मोबाईलवर नजर ठेवता ना, मग पोराच्या डोक्यात काय भरतोय तेही बघा. ते टीव्हीतून येत नाही, आपल्याच ओट्यावरच्या गप्पांतून येतं.

पटत नसेल तर कमेंटमध्ये भांडा. पण आज घरी पोराशी बोला.