दुःखाचा सहकार

एखादा कारकून पतपेढीतून कर्ज काढतो, उधारीवर सामान आणतो, रात्र रात्र जागून नव्या धंद्याच्या योजना आखतो. घरची माणसे प्रथम कौतुक करतात, मग धास्तावतात. काही महिन्यांनी तोच माणूस अंथरुणातून उठत नाही, कचेरीत जात नाही. कर्जाचे हप्ते मात्र थांबत नाहीत. शेजारी त्याला आधी उधळ्या ठरवितात, नंतर आळशी. वस्तुतः या दोन्ही अवस्था एकाच आजाराच्या आहेत. उन्माद आणि नैराश्य यांच्या आलटून-पालटून येणाऱ्या लाटा असलेल्या या विकाराला वैद्यकशास्त्र ‘बायपोलर डिसऑर्डर’ म्हणते.

हा आजार उपचारांनी आटोक्यात राहू शकतो. लिथियमचा गुण ऑस्ट्रेलियातील डॉ. जॉन केड यांनी १९४९ सालीच दाखवून दिला. हे औषध महाग नाही. रक्ताची तपासणी मात्र वेळोवेळी करावी लागते. असे असूनही बंगळूरच्या ‘निम्हान्स’ संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या पाहणीत या विकाराच्या दर १०० रुग्णांपैकी सुमारे ७० जण उपचारांवाचून असल्याचे आढळले. ज्यांना उपचार मिळतात, त्यांच्याही घरातील सारे प्रश्न औषधाच्या चिठ्ठीने सुटत नाहीत. झोप कमी होऊ लागली की सावध केव्हा व्हावे? पासबुक कोणाच्या हाती असावे? बरे वाटते म्हणून गोळ्या सोडणाऱ्याची समजूत कशी घालावी? रुग्णाची व्यथा तर आणखी निराळी. तो मनमोकळा हसला तरी घरातून प्रश्न येतो, ‘आजची गोळी घेतली का?’

या प्रश्नांची उत्तरे डॉक्टरांच्या दहा मिनिटांत मावत नाहीत. ती असतात त्याच वाटेने गेलेल्या माणसांजवळ. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात अमेरिकेतील ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ने १९३५ पासून हेच सिद्ध केले. डॉ. जगन्नाथ वाणी यांनी १९९७ साली स्थापन केलेल्या पुण्यातील ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’नेही मानसिक आजाराने गांजलेल्या कुटुंबांना एकत्र आणून तीच वाट धरली. बायपोलरच्या रुग्णांना व त्यांच्या आप्तांना असे स्वमदत गट गावोगावी हवे आहेत.

महाराष्ट्राला हे तत्त्व परके वाटण्याचे कारण नाही. एकट्याला न पेलणारे ओझे दहाजणांनी उचलावे, हाच सहकाराचा अर्थ. शिवाय येथील भांडवल अनुभवाचे. ते वाटल्याने घटत नाही. काल ज्याने आधार घेतला तोच आज दुसऱ्याला आधार देतो, आणि देताना स्वतःही सावरतो.

आंधळ्याने आंधळ्याला वाट दाखविण्याचा हा प्रकार नव्हे काय, अशी शंका घेतली जाईल. ती निराधार नाही. म्हणूनच काही पथ्ये कटाक्षाने पाळली पाहिजेत. औषधाचे प्रमाण डॉक्टरच ठरवील. गटात बोललेले बाहेर जाणार नाही. रुग्णांची आणि नातेवाइकांची बैठक अधूनमधून स्वतंत्र होईल. आत्महत्येचा विचार कोणी बोलून दाखविला, तर क्षणाचाही विलंब न लावता वैद्यकीय मदत घेतली जाईल. २०२२ पासून ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही सरकारी दूरध्वनी सेवाही त्यासाठी उपलब्ध आहे.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचारांचा हक्क दिला, मानसिक आजारांना विम्याच्या बाबतीत शारीरिक आजारांच्या बरोबरीने वागविण्याचे बंधन घातले. हे स्वागतार्हच आहे. परंतु रात्री तीन वाजता जागा असलेला मुलगा आणि दाराआड बसलेली त्याची आई यांच्यापर्यंत कायद्याचा हात पोहोचत नाही. तेथे उपयोगी पडते ती अशाच रात्री काढलेली दुसरी आई. या दोघींची गाठ पडावी यासाठी फार मोठा निधी लागत नाही. शाळेने रविवारी एक वर्ग उघडून द्यावा, ग्रंथालयाने महिन्यातून एक संध्याकाळ द्यावी, रुग्णालयाने आपल्या फलकावर बैठकीची वेळ लिहावी. एवढेही ज्या गावाला जमणार नाही, त्याने आपल्या सहकाराच्या परंपरेचा अभिमान जपूनच सांगावा.