वाट चुकली, तर थांबा

एका हातात नकाशा, दुसऱ्या हातात होकायंत्र आणि समोर अनोळखी जंगल. आखलेला मार्ग नाही, बाण दाखवणारी पाटी नाही, वाट सांगणारा माणूसही नाही. तरीही धावायचे आहे आणि कमीत कमी वेळात शेवट गाठायचा आहे. अशी एक शर्यत असते, हे तुम्हांला ठाऊक आहे का? तिचे नाव आहे ओरिएंटियरिंग.

हा खेळ मूळचा स्वीडन आणि नॉर्वे या देशांतला. सैनिकांना अनोळखी मुलखात वाट शोधता यावी, म्हणून तेथील सैन्यात तो प्रथम सुरू झाला. ३१ ऑक्टोबर १८९७ रोजी नॉर्वेतील ऑस्लो शहराजवळ पहिली सार्वजनिक शर्यत झाली. तिच्यात अवघे आठ धावपटू होते. पुढे १९६१ मध्ये या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि १९६६ मध्ये फिनलंडमध्ये पहिली जागतिक स्पर्धा भरली.

शर्यतीचे नियम साधे आहेत. जंगलात ठिकठिकाणी नारिंगी-पांढऱ्या रंगाची कापडी निशाणे लावलेली असतात. नकाशावर त्या जागा वर्तुळांनी दाखवलेल्या असतात आणि त्यांना क्रमांक असतात. ही निशाणे क्रमाने गाठायची. दोन निशाणांमधला रस्ता मात्र ज्याचा त्याने ठरवायचा. एक जरी निशाण सुटले, तरी धावपटू बाद होतो. एकाने दुसऱ्याच्या मागे धावू नये, म्हणून बहुतेक शर्यतींत धावपटूंना काही मिनिटांच्या अंतराने सोडतात.

होकायंत्राला उर्दूत तुम्ही कुतुबनुमा म्हणता. नकाशा हा शब्द तर तुमच्या ओळखीचाच आहे. आपल्याकडे एन.सी.सी.च्या छात्रांना या दोन्ही वस्तूंचा उपयोग शिकवला जातो. मीही शाळेत असताना तो शिकलो होतो. त्यामुळे नोकरीनिमित्त वर्षभर स्वीडनमध्ये राहण्याचा योग आला, तेव्हा मी मोठ्या विश्वासाने अशा एका लहानशा शर्यतीत नाव दिले. त्या शर्यतीने मला जे शिकवले, तेच आज तुम्हांला सांगायचे आहे.

पहिली तीन निशाणे मला झटपट सापडली. मी खूश झालो. चौथे निशाण एका लांबट दलदलीच्या उत्तर टोकाशी, मोठ्या खडकामागे होते. नकाशावर अंतर साडेचार सेंटिमीटर होते. एका सेंटिमीटरला शंभर मीटर, म्हणजे साडेचारशे मीटर जायचे होते. मी पावले न मोजताच धावत सुटलो. थोड्याच वेळात दलदल दिसली. "आलीच की!" मी मनात म्हणालो.

खरे तर ती दलदल लांबट नव्हती, गोल होती. मी म्हटले, पावसामुळे आकार बदलला असेल. नकाशात शेजारी ओढा होता, इथे ओढा नव्हता. मी म्हटले, आटला असेल. एक खडकही सापडला, पण त्यामागे निशाण नव्हते. मी म्हटले, कोणी तरी काढून नेले असेल! नकाशा चुकला, ओढा चुकला, निशाण लावणारा चुकला. मी तेवढा बरोबर होतो.

मग मी दुसऱ्या एका धावपटूच्या मागे पळालो. त्याला निशाण सापडले, पण त्यावरचा आकडा माझ्या कागदावरच्या आकड्याशी जुळेना. त्याची शर्यत वेगळी होती, त्याची निशाणे वेगळी होती.

एवढ्यात एक बारा-तेरा वर्षांची मुलगी मला दिसली. ती एका जागी उभी राहून नकाशा पाहत होती. मग तिने मान हलवली आणि आली त्याच वाटेने ती चक्क मागे गेली. मला तिची कीव आली. बिचारी हरली, असे मला वाटले. आणखी दहा मिनिटे भटकल्यावर मात्र मलाही तेच करावे लागले. मी तिसऱ्या निशाणापाशी परत आलो, दिशा नीट धरली, पावले मोजली आणि पाच मिनिटांत चौथे निशाण गाठले. तेव्हा लक्षात आले, की नकाशावर दोन दलदली होत्या. गोल अलीकडे होती, लांबट पलीकडे. मी अलीकडच्या दलदलीतच पंचवीस मिनिटे घालवली होती.

शर्यत संपल्यावर ती मुलगी भेटली. तिचे फक्त दोन मिनिटांचे नुकसान झाले होते. मी विचारले, "तू मागे का गेलीस?" ती म्हणाली, "मी कुठे आहे, हे मला कळेना. म्हणून जी जागा नक्की माहीत होती, तिथे परत गेले." तिला त्यात काही विशेष वाटत नव्हते.

नंतर मी आणखी एक गोष्ट पाहिली. सगळे धावपटू गवतावर बसून आपापल्या नकाशावर पेनाने रेघ ओढत होते. आपण जिथून जायला हवे होते तिथून नव्हे, तर खरोखर जिथून गेलो तिथून. वेड्यावाकड्या रेघा ते एकमेकांना दाखवत होते. एका वृद्ध धावपटूने माझा नकाशा पाहिला. "किती वेळ वाया गेला?" असे त्यांनी विचारले नाही. त्यांनी विचारले, "चूक कुठे सुरू झाली?" मी दलदलीवर बोट ठेवले. त्यांनी माझे बोट उचलून तिसऱ्या निशाणावर ठेवले. ते बरोबर होते. माझी चूक दलदलीत झालीच नव्हती. पावले न मोजता मी धावत सुटलो, तिथेच ती झाली होती.

मित्रांनो, माझे मत असे आहे, की हा प्रश्न आपल्या शाळांत रोज विचारला गेला पाहिजे. आपण काय करतो? गणित सोडवताना पुस्तकामागचे उत्तर जुळत नाही, तेव्हा मधलीच एखादी पायरी बदलून ते जुळवतो. म्हणजे ओढा आटला, असे म्हणतो. अडले की शेजाऱ्याच्या वहीत डोकावतो. त्याची वाट त्याला तरी नीट ठाऊक आहे का, हे आपण पाहत नाही. उत्तरपत्रिका मिळाली, की गुण पाहतो आणि ती दप्तरात दडवतो. तांबड्या शाईच्या खुणा मात्र वाचत नाही.

तुमच्या मराठीचेच उदाहरण घेऊ. तुमच्यापैकी पुष्कळ जण "माझी पुस्तक" असे म्हणतात. कोणी हसले, की पुढच्या वेळी मराठीत बोलायचेच टाळतात. पण चूक कुठे सुरू झाली, हे पाहा. उर्दूत किताब स्त्रीलिंगी आहे, म्हणून "माझी" हा शब्द ओठांवर येतो. मराठीत पुस्तक नपुंसकलिंगी आहे, म्हणून "माझे पुस्तक". चुकीचे मूळ सापडले, की ती चूक पुन्हा होण्याची भीती कमी होते. जो बोलत नाही, त्याची चूक दिसत नाही. पण त्याची मराठीही पुढे जात नाही.

कोणी म्हणेल, चुकांचे एवढे कौतुक केले, तर मुले बेफिकीर होतील. मला तसे वाटत नाही. जंगलात चुकीला माफी नसते. पंचवीस मिनिटे गेली ती गेलीच, माझा क्रमांक शेवटून दुसरा आला. चूक मान्य करणे म्हणजे चुकीला चांगले म्हणणे नव्हे. ती लपवायला जेवढी शक्ती लागते, तेवढी ती सुधारायला वापरणे, एवढाच त्याचा अर्थ.

कोणी असेही म्हणेल, की आता मोबाइल फोन वाट दाखवतो, मग नकाशा कशाला शिकायचा? फोन "उजवीकडे वळा" म्हणतो आणि आपण वळतो. पण आपण कुठे आहोत, हे स्वतः ओळखण्याची सवय त्याने लागत नाही. आणि अभ्यासात, व्यवसायात, मित्र निवडण्यात वाट दाखवणारा फोन अजून निघालेला नाही.

या खेळासाठी स्वीडनचे जंगलच हवे, असे नाही. शाळेच्या आवाराचा नकाशा तुम्ही स्वतः काढा. त्यात पाण्याची टाकी, कडुनिंबाचे झाड, जिना, फाटक दाखवा. दहा निशाणे लावा आणि धावा. शर्यत संपल्यावर प्रत्येकाने आपली खरी रेघ नकाशावर ओढावी. पहिल्या आलेल्यानेही ओढावी, शेवटच्यानेही ओढावी. परीक्षेनंतरही वहीच्या एका पानावर तेवढेच लिहावे : माझी चूक कुठे सुरू झाली?

तो नकाशा मी अजून जपून ठेवला आहे. त्यावर गोल दलदलीभोवती माझ्या रेघेचा गुंता झाला आहे. सुरुवातीला तो कोणाला दाखवण्याची मला लाज वाटे. आता घरी येणाऱ्या मुलांना मी तो नकाशाच आधी दाखवतो आणि विचारतो, "सांगा पाहू, मी कुठे थांबायला हवे होते?"