वनरक्षक बाईला शिष्यवृत्ती हवी, पण कशाची?

जंगल राखणाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी शिष्यवृत्त्या द्याव्यात, असे पर्यावरणाच्या सभांतून ऐकू येते. कल्पना चांगली आहे. पण चंद्रपूर-गडचिरोलीतल्या मुलींकडे पाहिले, तर हे पैसे नेमके कुठे लागणार हे आधी विचारावे लागते. निवड झालेल्या वनरक्षकाला प्रशिक्षणाची फी भरावी लागत नाही, तिचा पगार सुरू असतो. अडते ते त्याच्या आधी आणि त्याच्या नंतर.

2023 साली राज्यात वनरक्षकांच्या 2138 जागा निघाल्या. सरकारी नोकरीतल्या 30 टक्के जागा बायकांसाठी, हे 1994 च्या महिला धोरणाचे फळ. त्यामागे आपल्याच चळवळीचा रेटा होता. अनुसूचित जमातीच्या मुलीला दहावी पुरते. शारीरिक चाचणीत बायकांना तीन किलोमीटर धावायचे आणि चार तासांत सोळा किलोमीटर चालायचे असते. आता भामरागड-एटापल्लीच्या पोरीला चालायला कोणी शिकवायचे? तेंदूपत्त्याच्या हंगामात ती पहाटेपासून चालतच असते. तिचे घोडे पेंड खाते ते संगणकावरच्या परीक्षेत. घरी माडिया बोलणारी मुलगी मराठी, इंग्रजी, गणित आणि सामान्य ज्ञानाचे प्रश्न सोडवणार. त्याची शिकवणी गडचिरोलीत, नाहीतर नागपुरात. खोलीचे भाडे, खाणावळ, एसटीचे तिकीट. एवढा खर्च घर भावासाठी करते, बहिणीसाठी करताना "हिचं लग्न झाल्यावर काय?" हा हिशेब आधी होतो. शिष्यवृत्तीची पहिली गरज इथे आहे.

नोकरी लागली की दुसरा भाग सुरू होतो. प्रशिक्षण निवासी असते, चंद्रपूरच्या वन अकादमीसारख्या ठिकाणी. अंगावर पिणारे मूल असलेल्या बाईने काय करायचे? मूल सासूकडे ठेवायचे, आणि सासू नाही म्हणाली तर? पुढे वरच्या दर्जाचे शिक्षण घ्यायचे तर देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत अधिकाऱ्यांसाठी अभ्यासक्रम आहेत. तिथे साहेब जातात. रोज नियतक्षेत्रात पायी गस्त घालणारी बाई तिथवर पोचत नाही, आणि रोजंदारीवरच्या वनमजूर बाईचा तर कुणी विचारही करत नाही.

आणि हे शिक्षण चैनीचे नाही. 20 नोव्हेंबर 2021 ला ताडोबाच्या कोलारा परिक्षेत्रात व्याघ्रगणनेसाठी वाघाच्या खुणा नोंदवत पायी चाललेल्या वनरक्षक स्वाती ढुमणे यांचा माया वाघिणीने बळी घेतला. सोबत तीन वनमजूर होते. पुढे वाघीण बसलेली दिसली म्हणून ते थांबले, मग झाडीतून वळसा घेतला, तिथे झडप पडली. वाघ पुढे असला तर काम सोडून मागे फिरण्याचा अधिकार वनरक्षकाला आहे, हे तिला आणि तिच्या साहेबालाही शिकवायला हवे. धाडसाचे पोवाडे गाणाऱ्यांना हे फारसे सुचत नाही.

साहेबांच्या शिक्षणाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. मेळघाटातल्या हरिसालच्या वनपरिक्षेत्र अधिकारी दीपाली चव्हाण यांनी 25 मार्च 2021 ला आत्महत्या केली. वरिष्ठ अधिकाऱ्याने छळ केल्याचा आरोप त्यांनी चिठ्ठीत केला होता. त्या कर्तबगार म्हणून नावाजलेल्या होत्या. कमी पडले ते त्यांचे प्रशिक्षण नव्हे. मुलींना तयार करून अशा कचेऱ्यांत पाठवायचे आणि कचेरी आहे तशी ठेवायची, यात मला अर्थ दिसत नाही. 2013 च्या कायद्याने प्रत्येक कार्यालयात अंतर्गत तक्रार समिती बंधनकारक आहे. जंगलातल्या चौकीवर राहणाऱ्या बाईला त्या समितीतल्या बायकांची नावे तरी माहीत असतात का?

तरीही या नोकरीत बायका जास्त हव्यात, असेच माझे मत आहे. गीरमध्ये 2007 पासून बायका वनरक्षक आहेत. झिंबाब्वेत 2017 साली 'अकाशिंगा' हे केवळ बायकांचे वनरक्षक दल उभे राहिले. आपल्याकडे तर कारण आणखी जवळचे आहे. सरपण, मोहफूल, तेंदूपत्ता यांसाठी जंगलात बायकाच जातात. 10 मे 2025 ला सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका वाघाने मारल्या. अशा वेळी पंचनाम्याला आलेली बाई गावातल्या बायकांशी जे बोलू शकते, ते गणवेशातला पुरुष बोलू शकत नाही. त्या पहाटे कुठे गेल्या होत्या, कोणत्या वाटेने, रोज का जातात, हे तिलाच कळते, कारण तीही कधी त्या वाटेने गेलेली असते.

पुढची भरती निघण्याआधी आपापल्या तालुक्यातल्या गटांनी एवढे करावे: बारावीच्या आणि आश्रमशाळांतल्या मुलींची यादी करावी आणि त्यांच्यासाठी खोलीभाडे, खाणावळ व पुस्तके यांची मागणी आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडे लेखी द्यावी. वन विभागाकडे अकादमीतल्या पाळणाघराची आणि वनमजूर बायकांच्या प्रशिक्षणाची मागणी वेगळ्या कागदावर द्यावी, आणि दोन्हींची पोच घ्यावी.