बर्फगाडीचं दुसरं व्हर्जन

नगरचा माणूस आणि बर्फगाडी? हसा खुशाल. आमच्याकडे बर्फ फक्त रसवंतीत दिसतो. (कागदावर जिल्हा आता अहिल्यानगर झालाय, तोंडात मात्र अजून नगरच बसलंय.) तरीही गेले काही वीकेंड मी लोकांनी घरी बनवलेल्या, पट्ट्यांवर चालणाऱ्या बर्फगाड्यांबद्दल वाचतोय आणि त्यातून माझं एक मत झालंय. तेच मांडतो.

तसं पट्ट्यांचं आम्हाला नवल नाही. आर्मर्ड कोअरचं सेंटर आणि स्कूल नगरला, डीआरडीओची वाहनांची प्रयोगशाळा व्हीआरडीई नगरला, आणि पॅटन, सेंच्युरियन बघायला पोरं जातात ते टँक म्युझियमही इथलंच. आपल्या रणगाड्यांनी बर्फही बघितलाय. १ नोव्हेंबर १९४८ ला सातव्या लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे झोजिलावर चढले, साडेअकरा हजार फुटांवर. वाटेतल्या पुलांवरून नेता यावेत म्हणून त्यांचे टरेट काढले होते, आणि मद्रास सॅपर्सनी खेचरांची वाट रुंद करून दिली होती. थोडक्यात, गाडी मॉडिफाय केली आणि रस्ताही!

आता थोडं गणित. बर्फात किंवा चिखलात गाडी रुतते ती नुसत्या वजनाने नाही, दाबाने. समजा गाडी आणि चालक मिळून ३०० किलो. दोन पट्टे, प्रत्येकी २५ सेंमी रुंद, जमिनीला टेकलेली लांबी १२० सेंमी. क्षेत्रफळ झालं ६००० चौरस सेंमी, म्हणजे दर चौरस सेंमीला ५० ग्रॅम. ७० किलोचा माणूस चालताना एका पायावर येतो तेव्हा साधारण ३५० ग्रॅम दाब पडतो. म्हणजे माणूस जिथे गुडघाभर रुततो तिथून ही गाडी आरामात जाते.

सामान काय लागतं? जुन्या बाइकचं इंजिन, कन्व्हेयर बेल्टचे तुकडे, त्यावर बोल्टने आवळलेल्या लोखंडी पट्ट्या, दातेरी चाकं आणि एक चांगला वेल्डर. सगळं नगरच्या एमआयडीसीत आणि भंगारात मिळेल. पण खरी मजा गाडी सुरू झाल्यावर आहे. वळताना पट्टा उतरतो, मग ताण कमी-जास्त करायला सरकतं चाक बसवा. दात्यांमध्ये बर्फ ठासून बसतो, मग दाते बदला. गाडी वळतच नाही, मग दोन्ही बाजूंना वेगळे ब्रेक द्या, म्हणजे डावा दाबला की डावीकडे. आपल्या भाषेत सांगायचं तर पहिलं व्हर्जन फक्त बग सापडावेत म्हणून असतं.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण कॅनडाचा जोसेफ-आर्मां बॉम्बार्डिए. १९२२ च्या शेवटी, पंधराव्या वर्षी त्याने फोर्ड मॉडेल टीच्या इंजिनाला पंखा लावून घसरगाडी पळवली. वडिलांनी ती खोलून ठेवायला लावली. पण पोरगं थांबलं नाही. १९३४ च्या हिवाळ्यात रस्ते बर्फाने बंद होते. त्याच्या लहान मुलाला अपेंडिक्सचा त्रास झाला, हॉस्पिटलला नेता आलं नाही, आणि तो गेला. १९३७ मध्ये रबर चढवलेल्या दातेरी चाकाचं आणि पट्ट्याचं पेटंट झालं, आणि स्की-डू आली १९५९ ला. म्हणजे पहिल्या गाडीपासून ३७ वर्षं.

आता आपल्याकडे या. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहारांनी साधारण साठ हजारांत किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी तिचं कौतुक केलं. ही गाडी नियमात बसत नाही, आज ना उद्या अडवतील, असं म्हणून बदल्यात बोलेरो देऊ केली, आणि जानेवारी २०२२ मध्ये ती दिलीही. कौतुक मनापासूनचं होतं, यात शंका नाही. पण मला राहून राहून वाटतं, त्या जीपच्या दुसऱ्या व्हर्जनचं काय? आपण जुगाडाला टाळ्या देतो, बक्षीस देतो आणि विषय संपवतो. सुधारायला जागा देत नाही.

यावर लोक म्हणतील, ब्रेक फेल होऊन कुणी मेलं तर? बरोबर आहे. घरी बनवलेली गाडी रस्त्यावर नकोच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणी झालेल्या गाडीत मनमानी बदल करू देत नाही, आणि ते योग्यच आहे. पण याच कायद्याच्या व्याख्येत, फक्त बंदिस्त आवारात वापरण्यासाठी बनवलेली खास गाडी 'मोटार वाहन' धरली जात नाही. म्हणजे प्रश्न परवानगीपेक्षा मैदानाचा जास्त आहे. बाहा स्पर्धेत इंजिनिअरिंगच्या पोरांना ट्रॅक मिळतो, तपासणी मिळते. गॅरेजवाल्याला आणि शेतकऱ्याला काय मिळतं?

गाड्या तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांच्या नियमातल्या यादीत आमच्या नगरची व्हीआरडीई आहे. महिन्यातून एक रविवार, एक कुंपण घातलेलं मैदान, आणि ब्रेक, स्टीअरिंग बघून "हे बदल, मग परत आण" असं सांगणारा एखादा रिटायर्ड तज्ज्ञ, एवढंच मी मागतोय. यासाठी फार मोठं बजेट लागत नाही.

आणि बर्फ नाही म्हणून पट्टे कशाला, असं विचाराल तर ऐका. बेंजामिन होल्टने १९०४ मध्ये कॅलिफोर्नियात ट्रॅक्टरला पट्टे बसवले ते भुसभुशीत शेतात चाकं रुतत होती म्हणून. रणगाडे नंतर आले, १९१६ ला. आपल्या काळ्या मातीत पावसाळ्यात वेगळं काय होतं? सह्याद्रीतल्या वाड्यांवरून पेशंटला डोली करून रस्त्यापर्यंत आणल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात येतात. खरा उपाय रस्ताच आहे, आणि तो मागितलाच पाहिजे. पण रस्ता होईपर्यंत डोलीऐवजी पट्ट्यांची एखादी गाडी चिखलातून खाली येऊ शकली तर? ती पहिल्या फटक्यात जमणार नाही. चौथ्या-पाचव्या व्हर्जनला जमेल. तोपर्यंत बनवणाऱ्याला कुणी बोलेरो देऊन थांबवू नये, एवढंच.