संगणकाची परीक्षा आणि आजीचा मसावि



पेसाहची सुट्टी संपली की घराघरात बगरूतचे वारे वाहू लागतात. इंग्रजीला, गणिताला मदत करणारे कोणी ना कोणी भेटते. पण ‘मदाएई हामाखशेव’, म्हणजे संगणकशास्त्र, म्हटले की आईबाप हात वर करतात आणि आजी-आजोबा तर खोलीतूनच उठून जातात. खाजगी शिकवणी सगळ्यांना परवडत नाही. म्हणून आम्ही काही निवृत्त मंडळी आठवड्यातून एक संध्याकाळ दहावी-अकरावीच्या मुलांना घेऊन बसतो. तिथे आमच्या जे ध्यानात आले ते आज सांगतो.

पहिली गोष्ट ही, की या अभ्यासाला संगणकापेक्षा कागद-पेन्सिल जास्त लागते. पूर्वी शाळेत पास्कल ही भाषा शिकवीत, पुढे जावा आणि सी-शार्प आल्या. भाषा बदलल्या, पाया तोच राहिला. परीक्षेत प्रोग्रामच्या चार-सहा ओळी देतात आणि विचारतात, शेवटी काय छापले जाईल? मुले हुशार असतात, पण घाई करतात. नुसते बघून उत्तर ठोकतात आणि गुण घालवतात. पास व्हायला १०० पैकी ५५ लागतात. अशा घाईने तेही कधी हुकतात.

यावर उपाय एकच, ‘तव्लात माअकाव’. म्हणजे पायरी-पायरीने भरायचा तक्ता. आजी-आजोबांनो, आता उठून जाऊ नका. हे तुम्हाला येते! मराठी शाळेत भागाकाराने मसावि काढत होता ना? मसावि म्हणजे दोन्ही संख्यांना भाग जाणारी सर्वांत मोठी संख्या. युक्लिडने सुमारे २३०० वर्षांपूर्वी लिहून ठेवलेली तीच रीत आज मुलांना संगणकाच्या तासाला भेटते.

दोन डबे घ्या, क आणि ख. क मध्ये ४८, ख मध्ये १८. जोवर ख शून्य होत नाही तोवर तीन कामे करायची: क ला ख ने भागून बाकी लिहायची, मग ख मधली संख्या क मध्ये टाकायची, मग बाकी ख मध्ये टाकायची.

पहिली फेरी: बाकी १२, क झाला १८, ख झाला १२.
दुसरी फेरी: बाकी ६, क १२, ख ६.
तिसरी फेरी: बाकी ०, क ६, ख ०. थांबा. उत्तर ६.

आता गंमत बघा. बाकी काढायच्या आधीच ख मधली संख्या क मध्ये टाकली तर? दोन्ही डब्यांत १८, बाकी शून्य, आणि उत्तर येते १८. पण ४८ ला १८ ने भाग जातच नाही! कामे तीच, क्रम तेवढा चुकला. यंत्र बिचारे सांगितले तसेच करते. डाळ शिजण्याआधीच चिंच घातली तर डाळ शिजत नाही, हे आजीला कोणी शिकवावे लागत नाही.

बालमित्रांनो, आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक बरोबरचे चिन्ह म्हणजे ‘या डब्यात टाक’. दोन चिन्हे जोडून आली तर तो प्रश्न, ‘सारखे आहेत का?’ आणि रांगेतल्या वस्तूंची मोजणी शून्यापासून होते. तळमजला शून्य, त्यावर पहिला. पाच वस्तू असतील तर शेवटचीचा नंबर चार.

आमच्याकडे येणारी एक मुलगी हा विषय सोडायलाच निघाली होती. ‘माझे डोकेच नाही,’ म्हणायची. तिची आजी कोकणात सातवीपर्यंत शिकलेली, हिब्रू वाचायला अडखळते. आम्ही आजीला म्हटले, तुम्ही काही समजावू नका, फक्त प्रत्येक ओळीला विचारा, ‘आता डब्यात काय आहे?’ नात ओळ हिब्रूत सांगायची, आजी आकडा मराठीत लिहायची. दोन आठवड्यांत नातीची घाई गेली. विषय सोडायची भाषाही बंद झाली. नातीला आता अठ्ठेचाळीस, अठरा, बाकी, भागाकार हे शब्द येतात, तो फायदा वेगळाच.

तेव्हा आजी-आजोबांनो, परीक्षेच्या दिवसांत नुसता चहा देऊन बाजूला होऊ नका. चष्मा लावा, कागद घ्या, शेजारी बसा. उत्तर सांगायची गरज नाही. पुढच्या ओळीवर उडी मारू द्यायची नाही, एवढेच तुमचे काम.

या वेळचे कोडे: क मध्ये १८ आणि ख मध्ये ४८, असे उलटे भरले तर उत्तर बदलेल का? फेऱ्या किती होतील? आजी-आजोबांबरोबर बसून तक्ता भरा आणि आम्हाला पाठवा. उत्तर पुढच्या अंकात.